पुएर्तो प्रिन्सेसा: एक नदी, दोन शिक्के

फिलिपिन्सच्या पालावान प्रांतातल्या पुएर्तो प्रिन्सेसा शहराच्या प्रत्येक सहल-पत्रकावर तिथल्या भूमिगत नदीला एका दमात ‘जागतिक वारसा’ आणि ‘सात आश्चर्यांपैकी एक’ म्हटलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, दोन्ही मान एकाच ठिकाणाहून आले. तसं नाही.

ही नदी ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे, ते वारसा यादीत 1999 साली आलं. तो मान एकट्या गुहेचा नाही. डोंगरावरच्या जंगलापासून समुद्रापर्यंतची सलग परिसंस्था, चुनखडीचे सुळके आणि त्यांच्या पोटातून 8.2 किलोमीटर वाहत येऊन थेट समुद्राला मिळणारी नदी, असं सगळं त्यात धरलेलं आहे. नदीच्या खालच्या भागात भरती-ओहोटी आत शिरते. भूमिगत नद्यांत हे दुर्मीळ आहे.

दुसरा शिक्का 2011 चा. ‘निसर्गाची नवी सात आश्चर्यं’ ही स्पर्धा एका खाजगी स्विस प्रतिष्ठानाची होती, आणि निवड इंटरनेट व फोनवरच्या मतांवर. ताजमहालासाठी 2007 साली आपल्याकडे धडाधड एसएमएस गेले होते, ते याच प्रतिष्ठानाच्या आधीच्या स्पर्धेसाठी. वारसा यादी ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने तेव्हाच स्पष्ट केलं होतं की या मतदानाशी आपला काही संबंध नाही. निसर्गाच्या फेरीत आपलं सुंदरबनही अंतिम 28 मध्ये होतं. एकाच माणसाने कितीही वेळा मत द्यावं, अशी मुभा होती. मालदीवने वाढत्या पैशांच्या मागण्यांवरून 2011 मध्ये अंग काढून घेतलं. इंडोनेशियाचं पर्यटन खातंही बाहेर पडलं, तरी कोमोडो यादीत राहिलंच! फिलिपिन्सने मात्र उलटी वाट धरली. खुद्द राष्ट्राध्यक्षांनी लोकांना एसएमएस करायला सांगितलं. नोव्हेंबर 2011 मध्ये तात्पुरत्या आणि जानेवारी 2012 मध्ये पक्क्या यादीत नदीचं नाव आलं.

या मतदानाला शास्त्रीय अर्थ शून्य. तरी शहराला पैसा मिळाला तो या शिक्क्यामुळे, हेही तितकंच खरं. तोटा असा झाला की सगळ्यांचं लक्ष गुहेच्या तोंडावर खिळलं आणि वारसा ज्याला मिळाला ते जंगल पाठीमागचा पडदा होऊन बसलं.

गर्दी आवरणारी परवाना पद्धत मात्र या गाजावाजाच्या आधीपासूनची आहे. 1971 साली उद्यान झालं ते केंद्र सरकारचं. 1992 मध्ये त्याचा कारभार शहराकडे आला. त्यामुळे परवाना शहर देतं, प्रांत नाही. दिवसाला ठरावीकच माणसं सोडतात, म्हणून सुट्ट्यांच्या दिवसांत आधी परवाना आणि मग हॉटेल असा क्रम ठेवावा. परवान्यावरचं नाव ओळखपत्राशी जुळायला हवं.

नदीकडे बोटी जिथून सुटतात ते साबांग गाव शहरापासून साधारण 80 किलोमीटर, व्हॅनने दोनेक तास. तिथल्या धक्क्यावरून दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेल्या ‘बांका’ बोटीने पाव तास, मग जंगलातून थोडं चालणं, आणि शेवटी वल्ह्याची होडी. डोक्यावर हेल्मेट, कानाला ध्वनिमुद्रित माहिती. बोलायचं नाही, कारण आवाजाचा त्रास वटवाघळांना आणि पाकोळ्यांना होतो. वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा, असं नावाडी सांगतात. कारण छतावर कोण लटकलंय हे त्यांना ठाऊक असतं. पाऊण तासात 8.2 पैकी जेमतेम दीड किलोमीटर दिसतं. किनाऱ्यावर प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की माकडं ती ओढतात, त्यामुळे खाऊ बंद सॅकमध्येच ठेवावा.

फसगत होते ती समुद्रामुळे. साबांग पश्चिम किनाऱ्यावर आहे. आपल्याला पाऊस देणारा नैऋत्य मोसमी वारा तिथे ‘हाबागात’ म्हणून येतो, लाटा उसळल्या की बोटी बंद, आणि हातात परवाना असूनही माणूस धक्क्यावरून परततो. जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्याने एक दिवस जादा हाताशी ठेवावा. डिसेंबर 2021 च्या चक्रीवादळानंतर तर उद्यानच काही काळ बंद होतं.

‘पालावानची राजधानी’ हा असाच आणखी एक गुंता. प्रांताची कचेरी याच शहरात आहे, पण 2007 पासून शहर प्रशासनाने प्रांताहून स्वतंत्र. प्रांताचे तीन तुकडे करावेत का, यावर मार्च 2021 मध्ये कौल घेतला (लोकांनी नाही म्हटलं), तेव्हा राजधानीतल्या रहिवाशांना मतच नव्हतं. तुब्बाताहाच्या प्रवाळांकडे जाणाऱ्या बोटीही इथूनच सुटतात, साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. तो वारसा वेगळा, 1993 चा, आणि शहराच्या हद्दीबाहेरचा.

जुना इतिहास शहरातच पायी पाहून होतो. स्पॅनिशांनी 1872 मध्ये वसवलेलं गाव, निळसर कॅथेड्रल आणि त्याच्या शेजारी प्लाझा क्वार्तेल, म्हणजे जुन्या लष्करी छावणीची जागा. 14 डिसेंबर 1944 रोजी जपानी सैनिकांनी इथे सुमारे 150 अमेरिकन युद्धकैद्यांना हवाई हल्ल्यापासून बचावाच्या खंदकांत कोंडून पेटवलं. 11 जण निसटले. शहराबाहेर इवाहिगला अमेरिकनांनी 1904 मध्ये सुरू केलेला खुला तुरुंग अजून चालू आहे, आणि कैद्यांनी बनवलेल्या लाकडी वस्तू तिथे विकत मिळतात.