पदपथावरचे मिलिमीटर

चालताना पुढे येणारे पाऊल जमिनीपासून फारसे वर उचललेले नसते. पावलाच्या झेपेच्या मध्यावर बुटाचे टोक आणि जमीन यांच्यात जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर अंतर उरते. सपाट जमिनीवर शरीराची ही काटकसर उत्तम चालते. पण पदपथाची एक लादी शेजारच्या लादीपेक्षा दोन सेंटिमीटर वर आली की पाऊल नेमके तिथेच अडते. तोल सावरण्यासाठी स्नायूंची जी चपळाई लागते ती वयाबरोबर कमी होत जाते, त्यामुळे तरुण माणसाला क्षणभर अडखळवणारी ठेच वृद्धाच्या खुब्याचे हाड मोडू शकते.

व्हीलचेअरच्या बाबतीत हे गणित अधिक कठोर आहे. तिची पुढची चाके लहान असतात. अशा एखाद्या 12 सेंटिमीटर व्यासाच्या चाकाने वेग नसताना, केवळ आडव्या रेट्याने, उभी कड चढायची असेल, तर लागणारा जोर कडेची उंची आणि चाकाची त्रिज्या यांवर अवलंबून असतो. कड 6 मिलिमीटर असेल, तर चाकावर पडणाऱ्या भाराच्या सुमारे निम्मा जोर पुरतो. 13 मिलिमीटरला तो भाराच्या जवळजवळ चार पंचमांश होतो आणि 20 मिलिमीटरला भारापेक्षाही जास्त. त्याच 20 मिलिमीटरच्या कडेवर 60 सेंटिमीटर व्यासाच्या मागच्या चाकाला भाराच्या 40 टक्क्यांहूनही कमी जोर लागतो. अमेरिकेतील सुगम्यतेच्या मानकांत 6.4 मिलिमीटरपर्यंतची उभी कड चालते, त्यापुढे 12.7 मिलिमीटरपर्यंत तिला तिरपी तासावी लागते आणि त्याहून मोठ्या फरकाला रॅम्पसारखा उतार द्यावा लागतो. हे आकडे वरवर पाहता किरकोळ वाटतात, पण त्यांच्यामागे चाकाची भूमिती आहे.

सहज न दिसणारा दोष म्हणजे आडवा उतार. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून पदपथ रस्त्याच्या बाजूला किंचित कलता ठेवावाच लागतो. मात्र हा कल वाढला, की व्हीलचेअर सतत खालच्या बाजूला वळू पाहते आणि ती सरळ ठेवण्यासाठी बसलेल्या व्यक्तीला एका हाताने अधिक जोर लावत राहावे लागते. म्हणून अमेरिकेतील हीच मानके आडवा उतार 48 ला 1, म्हणजे 48 सेंटिमीटर रुंदीत 1 सेंटिमीटर, या प्रमाणापुरताच मर्यादित ठेवतात.

लाद्या उचलल्या जाण्यामागे बहुतेकदा पाणी, माती आणि मुळे असतात. फरसबंदीखाली ओलावा टिकतो आणि लाद्यांच्या सांध्यांतून हवा मिळते, त्यामुळे झाडांची मुळे तिथे वाढतात आणि जाड होताना वरचा भाग उचलतात. चिकणमाती भिजल्यावर फुगते, सुकल्यावर आकसते. नळ किंवा केबल टाकून झाल्यावर चर नीट न दाबता बुजवला, तर तो भाग काही महिन्यांत खचतो. कारण न शोधता केलेली दुरुस्ती फार टिकत नाही. फरक थोडा असेल तर काँक्रीटची वर आलेली कड घासून किंवा कापून सपाट करता येते. लादी खचली असेल तर खाली सिमेंटचे मिश्रण किंवा फुगणारा फोम भरून ती वर उचलता येते. मुळे सरसकट छाटणे हा उपाय नव्हे, कारण आधार देणारी जाड मुळे तोडलेले झाड वादळात उन्मळून पडू शकते. अशा ठिकाणी पदपथाला वळसा देणे किंवा झाडाभोवतीची मोकळी माती वाढवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कोणत्या जागेपासून सुरुवात करायची, हा दुरुस्ती कार्यक्रमातला सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. पदपथाची उपयुक्तता सरासरीवर ठरत नाही. एक किलोमीटरचा मार्ग चोख असूनही चौकातील एका जागी उतार नसेल, तर व्हीलचेअरवरील व्यक्तीसाठी तो तिथेच संपतो. त्यामुळे किती चौरस मीटर फरशी बदलली यापेक्षा घर, बसथांबा, रुग्णालय आणि शाळा यांना जोडणारे किती मार्ग सलग झाले, हे मोजले पाहिजे. केवळ तक्रारींवर क्रम ठरवला, तर ज्यांना त्या पदपथामुळे घराबाहेरच पडता येत नाही, त्यांच्या अडचणी यादीत येतच नाहीत. म्हणून उतारमापक आणि पट्टी घेऊन प्रत्येक मार्गाची पाहणी करावी लागते, आणि ती करताना व्हीलचेअर वापरणारे व पांढरी काठी घेऊन चालणारे नागरिक सोबत असावेत.

दृष्टिहीनांसाठीच्या उंचवट्यांच्या फरशा जपानमध्ये सेइइची मियाके यांनी विकसित केल्या आणि 1967 मध्ये त्या ओकायामा शहरात प्रथम बसवल्या गेल्या. पाय किंवा काठी यांना रस्त्याची हद्द कळावी, हा त्यांचा हेतू. जिथे कर्ब, म्हणजे पदपथाची रस्त्याकडची उंच कड, उतरवून रस्त्याशी समपातळीत आणला जातो, तिथे व्हीलचेअरची वाट सुकर होते, पण काठीला जाणवणारी कड नाहीशी होते. त्यामुळे हा उतार आणि या फरशा एकाच कामात, एकाच वेळी बसवायला हव्यात. काम चालू असतानाही चालणाऱ्यांना रस्त्यावर ढकलून भागत नाही. कुंपण घातलेली, पुरेशी रुंद आणि दोन्ही टोकांना उतार असलेली तात्पुरती वाट कामाच्या खर्चातच धरावी लागते.