मक्याचा पिवळा

पिवळ्या रंगाच्या एका छटेला इंग्रजीत 'मेझ' म्हणतात. मेझ म्हणजे मका. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १८६७ साली आपल्या संस्थेसाठी निळ्याच्या जोडीला हाच रंग निवडला. संगणकाच्या पडद्यावर तो साधारणपणे लाल २५१, हिरवा २३६ आणि निळा ९३ असा मिळतो. कमाल आकडा २५५. म्हणजे लाल-हिरवा जवळजवळ पूर्ण, आणि निळा तेवढा दाबलेला.

दाणाही नेमकं हेच करतो. त्यात ल्युटीन आणि झिअॅक्झँथिन ही रंगद्रव्यं असतात. त्यांच्या रेणूत कार्बनची लांब साखळी असते आणि तिच्यात एकेरी-दुहेरी बंध आलटून पालटून येतात. झिअॅक्झँथिनमध्ये असे सलग अकरा दुहेरी बंध आहेत. साखळीभर पसरलेले इलेक्ट्रॉन ४०० ते ५०० नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात. उरलेला प्रकाश परततो, तो आपल्याला पिवळा दिसतो.

हा रंग साठतो दाण्याच्या भ्रूणपोषात, म्हणजे कोंबाला पोसणाऱ्या अन्नसाठ्यात, आणि मला सर्वांत मोहवतं ते इथलं गणित. भ्रूणपोषाला जनुकांचे दोन संच आईकडून मिळतात, एक परागातून. त्यामुळे पिवळेपणाचं जनुक एखाद्या दाण्यात शून्य, एक, दोन किंवा तीन वेळा असू शकतं, आणि जितक्या प्रती तितका पिवळा गडद. प्रत्येक दाण्याचं फलन वेगळ्या परागकणाने होतं, म्हणून एकाच कणसात पांढरे आणि पिवळे दाणे शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

झिअॅक्झँथिन हे नावही मक्यावरूनच आलंय. 'झिआ' हे मक्याच्या वनस्पतिशास्त्रीय नावातलं, 'झँथोस' म्हणजे ग्रीकमध्ये पिवळा. आपलं शरीर हे द्रव्य मुळापासून तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. मका, हिरव्या पालेभाज्या, अंड्याचा बलक यांतून ते रक्तात येतं आणि ल्युटीनसह डोळ्याच्या दृष्टिपटलावर एका छोट्या जागी दाटून बसतं. त्या जागेला पीतबिंदू म्हणतात. बारीक अक्षरं वाचताना आपण तीच जागा वापरतो. तिथे ही रंगद्रव्यं प्रकाशग्राही पेशींच्या वर पसरलेली असतात आणि येणारा निळा प्रकाश वाटेतच कमी करतात.

म्हणजे मक्याच्या दाण्याकडे टक लावून पाहिलं, की दाण्यातल्या झिअॅक्झँथिनने सोडलेला प्रकाश डोळ्यातल्या झिअॅक्झँथिनमधूनच आत येतो.