कॅफीन : खनिजे, हाडे आणि दात

चहा, कॉफी, कोको, कोला आणि डोकेदुखीवरच्या काही गोळ्यांत असणारे उत्तेजक द्रव्य. कॅफीन मूत्रपिंडात ॲडेनोसिन या शरीरातल्याच रसायनाचे काम अडवते. त्यामुळे लघवीवाटे सोडियम आणि त्याच्या जोडीने कॅल्शियम व मॅग्नेशियमही थोडे जास्त जाते. हा तोटा किरकोळच : १५० मिग्रॅ. कॅफीनमागे सुमारे ५ मिग्रॅ. कॅल्शियम. चमचाभर दुधात तो भरून निघतो, आणि सांगली-साताऱ्याकडच्या चहात दूध त्याहून जास्तच असते.

त्यामुळे हाडांचा प्रश्न कपापेक्षा ताटाचा आहे. प्रौढाला रोज १,००० मिग्रॅ., तर पाळी थांबलेल्या स्त्रीला १,२०० मिग्रॅ. कॅल्शियम लागते. जत, आटपाडीकडे भाकरी ज्वारीची. तिच्या १०० ग्रॅम पिठात कॅल्शियम जेमतेम २५-३० मिग्रॅ. पाटण, जावळीच्या डोंगरपट्ट्यातल्या नाचणीत तेच ३५० च्या आसपास. दूध डेअरीला घालून घरात नुसता कोरा चहा उरला, तर ज्वारीच्या ताटातली ही तूट वाढत जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील स्त्रियांच्या मोठ्या पाहणीत रोज चार किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांची हाडांची घनता २ ते ४ टक्के कमी आढळली. अस्थिभंग मात्र वाढले नव्हते.

लोहाचे नुकसान अधिक, पण ते कॅफीन नव्हे, चहा-कॉफीतले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि तत्सम पॉलिफिनॉल करतात. भाजी-भाकरीतल्या लोहाला ते आतड्यात बांधून ठेवतात. जेवणासोबतच्या चहाने त्याचे शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकते. गुळाच्या चहाने रक्त वाढते हा समज इथेच फसतो : गुळातले थोडके लोहही त्याच कपातल्या टॅनिनला सापडते. म्हणून जेवणाआधी व नंतर तासभर चहा नको. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

दात किडतात ते साखरेने. तोंडातला सामू (pH, तो उतरला की आम्लता वाढते) ५.५ च्या खाली गेला की दातावरचे आवरण विरघळू लागते. लाळेला तो सावरायला अर्धा तास तरी लागतो. गोड कटिंग दर तासाला घेतली तर ती उसंत पुरेशी मिळत नाही. पिवळे डाग टॅनिनचे. कोला मुळातच आम्ल असल्याने तो प्यायल्यावर लगेच ब्रश घासू नये, साध्या पाण्याने चूळ भरावी.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत कॅफीनची दिवसाची मर्यादा ३०० मिग्रॅ. आहे. चहाच्या कपात ३०-६५, तर १५० मिली. फिल्टर कॉफीत ८०-१२० मिग्रॅ. कॅफीन असते. गरोदरपणात ते शरीरात जास्त वेळ टिकते. तेव्हा २०० मिग्रॅ.च्या आत राहावे.