जागतिक व्यापार एकात्मता आणि नाशिक जिल्हा

जागतिक व्यापार एकात्मता म्हणजे आयात-निर्यात, भांडवल आणि समान नियम यांच्यामुळे देशोदेशींच्या बाजारपेठा एकमेकींत गुंतत जाणे. भारतात १९९१च्या आर्थिक सुधारणांपासून तिने वेग घेतला. १ जानेवारी १९९५ रोजी स्थापन झालेल्या जागतिक व्यापार संघटनेचा भारत संस्थापक सदस्य आहे. विकसनशील देशांत या एकात्मतेचे परिणाम पिकागणिक वेगळे होतात. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष आणि कांदा यांच्याकडे पाहिले की हे चटकन कळते.

निफाड, दिंडोरी भागांतली द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून युरोपात जातात. तिथला ग्राहक मण्याचा आकार आणि गोडी पाहतो, तसा औषधांचा उर्वरित अंशही तपासतो. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने युरोपने भारतीय द्राक्षे नाकारली आणि अनेक बागायतदार कर्जात बुडाले. नियम परक्यांनी ठरवायचा आणि तोटा बांधावर सोसायचा, ही या व्यापाराची खरी बोच आहे. पण त्याच नियमांनी बाग शिस्तीला लागली, हेही खरे. निर्यातीच्या बागांची नोंदणी होते, फवारणीची वही ठेवली जाते आणि प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावरच माल पॅकहाऊसमध्ये जातो. एकट्या शेतकऱ्याला हा खर्च पेलत नाही. म्हणून मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना इथे महत्त्व आहे.

हंगामात पेठ, सुरगाणा या तालुक्यांतली आदिवासी कुटुंबे छाटणी, विरळणी आणि काढणीसाठी बागांवर येतात. त्यांच्या हाताला काम मिळते, पण ते हंगामापुरतेच. निर्यातीच्या चढ्या दरातला त्यांचा वाटा फार थोडा, आणि या विषयावरच्या चर्चेत त्यांचे नाव क्वचितच निघते.

कांद्याची गोष्ट उलटी आहे. इथे परदेशी नियमांपेक्षा दिल्लीच्या अधिसूचनेची धास्ती मोठी. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२०मध्ये निर्यातबंदी झाली. ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी. ती मे २०२४मध्ये उठली तरी शुल्क राहिले. ते १ एप्रिल २०२५पासून रद्द झाले. अन्नाची गंभीर टंचाई असल्यास तात्पुरत्या निर्यातबंदीला जागतिक व्यापाराचे नियम मुभा देतात. शहरी ग्राहकाला महागाईची झळ बसते, हे नाकारता येत नाही. पण बंदी आली की लासलगावचे लिलाव कोसळतात, साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा सडू लागतो, आणि बांगलादेशासारखा जुना गिऱ्हाईक दुसरीकडे माल शोधतो. एकदा तुटलेले गिऱ्हाईक पुढच्या हंगामात परत येईलच असे नसते.

याचे पडसाद राजकारणात उमटणारच. नोव्हेंबर १९८०मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कांदा-ऊस भावासाठी नाशिकमध्ये रस्ते रोखले होते. पुढे जोशींनी खुल्या व्यापाराची उघड बाजू घेतली. शेतकऱ्याला जगाच्या बाजाराची भीती नाही, त्याची वाट अडवणारे सरकारी निर्बंध त्याला नडतात, अशी त्यांची मांडणी होती. कांद्याबाबत तरी तिला अनुभवाचा आधार आहे. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या; कांदा निर्यातबंदीचा रोष त्या प्रचारात गावोगाव ऐकू येत होता.