जवसाचं तेल कढईत कसं आलं

जवसाचं तेल काचेवर पातळ पसरून ठेवा. काही दिवसांत चिवट पापुद्रा धरतो. रंग-वार्निशवाल्यांना हवा तो हाच गुण, स्वयंपाकात मात्र तोच दोष. तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक हे मेदाम्ल असतं. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध, म्हणून ते ऑक्सिजन चटकन पकडतं आणि खवट होतं.

तिसरा बंध घालणारं विकर (एन्झाइम) बंद पाडलं की काम झालं. ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकात संशोधक ॲलन ग्रीन यांनी ‘ग्लेनेल्ग’ वाणाच्या बियांवर जनुकांत बदल घडवणाऱ्या ईएमएस या रसायनाची प्रक्रिया केली. (हे रसायन आपल्यालाही कर्करोगकारक, हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही.) दोन उत्परिवर्तित वाण हाती लागले, पण दोन्हींत लिनोलेनिक अर्धवटच उतरलेलं. जवसात या विकराची जनुकं दोन, एक बंद पडलं तरी दुसरं चालूच. दोघांचा संकर केल्यावर दुसऱ्या पिढीत दोन्ही बंद असलेल्या बिया मिळाल्या, अपेक्षेने सोळात एक. त्यांत लिनोलेनिक 2 टक्क्यांखाली!

बदल घडवणं सोपं, तो हुडकणं जिकिरीचं. प्रक्रिया केलेल्या बीपासून आलेल्या झाडात बदल सगळीकडे नसतो, एखाद्या फांदीपुरता असतो. म्हणून बोंडं वेगवेगळी काढायची. बदल आलेल्या बोंडातही फार तर 10 बिया, त्यातल्या साधारण पाव बियांतच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. पाचच बिया तपासल्या तर अशा चार बोंडांतलं एक हातचं निसटतं. दहाही तपासल्या तर अठरातलं एखादंच.

बी मारून चालत नाही. निमुळत्या टोकाला मोड असतो, तो जपायचा. रुंद टोकाकडून ब्लेडने कापलेला तुकडा तेलातली आम्लं वेगळी करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीला जातो, उरलेलं बी ओल्या कागदावर उगवतं. इथे हवामान फसवतं: दाणे भरताना ऊन तापलं की लिनोलेनिक आपोआप घटतं, थंडीत वाढतं. म्हणून तुलनेसाठी मूळ वाण शेजारच्याच ओळीत हवा, आणि निवडलेल्या झाडाची पुढच्या पिढीत फेरतपासणी.

‘लिनोला’ नावाने बाजारात आलेल्या या जवसाचं बी मुद्दाम पिवळं ठेवलं. तपकिरी दाणा मिसळला की गोदामातच कळतो, नाहीतर भेसळ तेल काढल्यावरच उघड झाली असती. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘टीएल 99’ हा असाच कमी लिनोलेनिकचा वाण, 5 टक्क्यांखालचा.

ओमेगा-3 साठी जवसाची चटणी खाणाऱ्यांनी मात्र जुनंच जवस घ्यावं. जवसातलं ओमेगा-3 म्हणजे तेच लिनोलेनिक.