‘आता थकलेत’ हे मोजायचं कसं?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे एक वाक्य सहज निघतं: “बाबा आता थकलेत.” त्यात आजाराचं नाव नसतं, तरी ऐकणाऱ्याला सगळं कळतं. चाल मंदावली आहे, जेवण कमी झालंय, जिन्याच्या पहिल्याच वळणावर दम खावा लागतोय. डॉक्टरी भाषेत याला ‘फ्रेल्टी’ म्हणतात. मराठीत त्यासाठी जराजर्जरता वगैरे शब्द सुचवले जातात, पण मला ‘थकलेपण’च जवळचं वाटतं. गुडघा बदलण्याआधी किंवा मोडलेला खुबा जोडण्याआधी हे थकलेपण तपासावं, हा विचार आज नवा वाटतो. त्याची मुळं मात्र बरीच जुनी आहेत.

१९३५ साली लंडनच्या पश्चिमेला आयलवर्थ इथल्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या गरीबखान्यातल्या ७१४ रुग्णांची जबाबदारी आली. त्यातले कितीतरी जण नुसते अंथरुणावर पडून होते. वॉरन यांनी त्यांना नीट तपासलं, कोण उठू शकेल ते ठरवलं आणि खरोखरच अनेकांना उठवलं. इसेक्समधल्या ऑर्सेटला लायनेल कोसिन हे मुळात सर्जन. खुबा मोडलेल्या वृद्धांचं ऑपरेशन करून त्यांना लवकर चालतं करायचं, हा त्यांचा आग्रह होता. पुढे हेस्टिंग्जला अस्थिशल्यचिकित्सक मायकेल डेव्हास आणि वृद्धांचे डॉक्टर बॉबी अर्वाइन एकाच वॉर्डात मिळून काम करू लागले. म्हणजे हाडाच्या डॉक्टरनं आणि म्हातारपणाच्या डॉक्टरनं एकाच खाटेपाशी उभं राहावं, हे निम्म्याहून अधिक शतकापूर्वीच उमगलं होतं. नव्हती ती मोजपट्टी.

भूलतज्ज्ञांकडे एक होती. अमेरिकेत १९४१ साली रुग्णांची शारीरिक अवस्था पायऱ्यांमध्ये नोंदवायची पद्धत आली, आजची ‘एएसए ग्रेड’ (एएसए म्हणजे अमेरिकन भूलतज्ज्ञांची संघटना) ती हीच. पण तिचा मूळ हेतू आकडेवारी सगळीकडे एकसारखी नोंदली जावी एवढाच होता. पन्नाशीतला मधुमेही आणि पंच्याऐंशीच्या आजी तिच्यात एकाच पायरीवर बसू शकतात. आपल्याकडे ऑपरेशनआधी ‘फिटनेस’ आणायला सांगतात, त्यातही हेच होतं. ईसीजी, टू-डी एको, छातीचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या. हृदयाचं कळतं, किडनीचं कळतं, पण हे माणूस ऑपरेशननंतर स्वतःच्या पायांवर घरी जाईल का, हे त्या फाइलीत कुठेच नसतं.

२००१ साली याला दोन उत्तरं मिळाली. लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी पाच खुणा सांगितल्या: वर्षभरात नकळत साडेचार किलोच्या आसपास वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं, हालचाल घटणं. तीन किंवा अधिक असतील तर माणूस थकलेला. पकड मोजायचं यंत्र मुठीत धरून शक्य तितकं जोरात दाबायचं असतं. घट्ट झाकणाची बरणी उघडताना आजी ती मुकाट्यानं सुनेच्या हातात देते, तेच ते यंत्र किलोमध्ये दाखवतं. कॅनडात केनेथ रॉकवूड आणि अर्नोल्ड मिटनिट्स्की यांनी वेगळा हिशेब मांडला: आजार, तक्रारी, न जमणारी कामं अशा किती उणिवा साठल्या आहेत ते मोजा. त्यांच्या अभ्यासातूनच २००५ साली ‘क्लिनिकल फ्रेल्टी स्केल’ आलं. रोजची कामं किती जमतात ते पाहून माणसाला ठणठणीत ते पूर्ण परावलंबी अशा पायऱ्यांवर बसवायचं; आधी सात पायऱ्या, नंतर नऊ.

शस्त्रक्रियेत हे किती कामाचं, ते पुढच्या दशकात दिसलं. २०१० साली जॉन्स हॉपकिन्समध्ये ६५ किंवा त्याहून अधिक वयाच्या ५९४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थकलेल्यांमध्ये ऑपरेशननंतरची गुंतागुंत जास्त होती, मुक्काम लांबत होता आणि घरी परतणं अवघड होत होतं. त्याआधीच, २००७ साली, लंडनच्या गाइज अँड सेंट थॉमस रुग्णालयानं ठरवून केलेल्या हाडांच्या ऑपरेशनांबाबत फार आश्वासक आकडे दिले होते. आधी वृद्धरोगतज्ज्ञांनी पूर्ण तपासणी करून उणिवा भरून काढल्या, तेव्हा न्यूमोनिया २० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. ऑपरेशननंतरचं भ्रमिष्टपण, म्हणजे रात्री बरळणं, नळ्या ओढणं, तेही बरंच घटलं. गुडघा बदलायला हाताशी काही आठवडे असतात. तेवढ्यात खाण्यातली प्रथिनं वाढवता येतात, मांडीचे व्यायाम करून घेता येतात, नको त्या गोळ्या थांबवता येतात.

खुबा मोडल्यावर ही सवड नसते. ब्रिटनमध्ये ३६ तासांत ऑपरेशनचं उद्दिष्ट असतं. मोडल्या पायानं कुणाला चालवून चाल मोजणार? म्हणून फ्रेल्टी स्केलसाठी विचारायचं ते पडण्याच्या दोन आठवडे आधीचं.

भारतात मद्रासला १९७८ साली ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी सुरू झाली आणि १९९६ साली तिथेच या विषयातलं एमडी. तरी बहुतेक रुग्णालयांत आजही वृद्धरोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे हे प्रश्न ऑर्थोच्या रेसिडेंटनं किंवा भूलतज्ज्ञानंच विचारायचे. तेही परदेशी फॉर्म जसाच्या तसा वाचून नव्हे. बाजारहाट नि पैशांचे व्यवहार स्वतः करता का, असं त्यात असतं. ज्या आजींनी उभ्या आयुष्यात बँकेची पायरी चढली नाही, त्यांचं ‘नाही’ थकलेपणाचं नसतं.

आणि विचारायचं कुणाला, हेही महत्त्वाचं. मुलगा फाइल घेऊन उभा असतो. “पडायच्या आधी आजी अंघोळ स्वतःची स्वतः करायच्या का?” तो घुटमळतो. मागून सून सांगते, “दिवाळीपासून मीच पाणी घालतेय. स्टुलावरून उठायलाही हात द्यावा लागतो.”