भेंडीला तार सुटायलाच हवी

नायजेरियातल्या भेंडीच्या सूपाचा व्हिडिओ कुणी शेअर केला की खाली मराठी कमेंट ठरलेल्या, ई किती बुळबुळीत, शी ती तार बघा, हे लोक खातात कसं. मला याचा राग येतो, कारण ज्या गोष्टीला नाकं मुरडतात तीच त्या पदार्थाचा जीव आहे. लागोसमधल्या घरात चमचा वर उचलल्यावर लांब तार आली नाही तर सूप बिघडलं असं धरतात, आणि अशा सूपांना तिथे सरळ 'ड्रॉ सूप', म्हणजे तार ओढणारं सूप, म्हणतात. फक्त भेंडीच नाही, ओग्बोनोच्या बिया घालून करतात तेही, आणि ज्या ज्यूटच्या धाग्याची गोणपाटं होतात त्याच झाडाची कोवळी पानं शिजवून 'इजाबे' नावाच्या छोट्या केरसुणीने भांड्यातच झोडपून करतात ते एवेडूसुद्धा. म्हणजे अख्ख्या पश्चिम आफ्रिकेत पिढ्यान् पिढ्या लोक तार जास्तीत जास्त कशी सुटेल यावर डोकं लावत आलेत आणि आपण ती मारायची कशी यावर. विज्ञान दोन्हीकडे एकच.

तर आधी ही तार असते काय? भेंडीच्या पेशींमध्ये म्युसिलेज नावाचा चिकट रस भरलेला असतो. तो पेक्टिनच्या कुळातला, म्हणजे गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल, रॅम्नोज, गॅलॅक्टोज वगैरे घटक एकाला एक जोडून झालेली प्रचंड लांब साखळी. पाण्याच्या रेणूचं वजन 18, तर या साखळीचं लाखांत.

आता साध्या पाण्याची धार घ्या. ती लगेच तुटून तिचे थेंब होतात, कारण पृष्ठताण धारेला जिथे जरा बारीक दिसेल तिथे आणखी आवळतो, मग ती अजून बारीक होते, अजून आवळली जाते आणि तुटते (हे बेल्जियमचा प्लाटो आणि इंग्लंडचा रॅले या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं). भेंडीच्या रसात मात्र या लांब साखळ्या लोकरीच्या गुंत्यासारख्या गुंडाळून पडलेल्या असतात. धार बारीक व्हायला लागली की त्या जागी द्रव लांबीच्या दिशेने जोरात ताणला जातो, आणि हे ताणणं जर गुंत्याला परत गोळा व्हायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जलद झालं तर गुंता एकदम उलगडून सरळ होतो. आणि सरळ झालेली साखळी ताणाला जबरदस्त विरोध करते! म्हणजे धार जिथे तुटायला आली तिथेच ती सगळ्यात चिवट बनते. अशा गुंडाळीतून एकदम सरळ होण्याचं गणित पियेर-जिल द जेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1974 मध्ये मांडलं, पुढे 1991 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तोच हा माणूस. आणखी एक गंमत म्हणजे हाच रस नुसता ढवळला तर उलट पातळ वागतो, कारण ढवळताना साखळ्या एका दिशेने लागून एकमेकींवरून घसरतात. ढवळायला सोपा, तोडायला अवघड. घरी करून बघा, चमचा हळू उचलला तर तार आखूड येते, झटकन उचलला तर लांब.

आता आंबट. या साखळ्यांवर कार्बोक्झिल गट असतात आणि त्यांच्यावर ऋण भार, सारखे भार एकमेकांना ढकलतात म्हणून साखळी पसरलेली राहते. चिंच, आमसूल, दही काहीही घातलं की हायड्रोजन आयन तो भार झाकतात, ढकलणं थांबतं, साखळी आकसते आणि तार गेली. आजीला पीएच माहीत नव्हता पण भेंडीत आमसूल कधी टाकायचं ते पक्कं माहीत होतं. नायजेरियात बरोबर उलटं, तिथे काउन म्हणजे चाड सरोवराच्या भागात मिळणारा ट्रोना नावाचा खार चिमूटभर घालतात, सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट एकत्र, आपल्या पापडखाराचा भाऊबंदच. त्याने पेशींच्या भिंती लवकर विरतात आणि रस भराभर बाहेर येतो. जास्त घातला तर मात्र बी-1 जीवनसत्त्व जातं आणि साखळ्याही तुटायला लागतात.

झाकणाचं तर मला फारच आवडतं. दोन्हीकडच्या बायका सांगतात झाकण ठेवू नको, आपल्याकडे भाजी चिकट होईल म्हणून आणि तिकडे तार जाईल म्हणून, आणि दोघींचं बरोबर आहे! सुक्या भाजीत वाफेचं पाणी परत खाली पडतं, त्यात रस विरघळतो आणि बुळबुळीतपणा वाढतो. सूपात पाणी आधीच असतं, तिथे झाकणाने उकळी जोरात येते आणि उष्णतेने साखळ्या तुटतात, शिवाय वाफेबरोबर उडून जाणारी आम्लं आतच अडकून हिरवा रंग शेवाळी होतो.

जाता जाता त्या फॉरवर्डबद्दल, रात्री भेंडी भिजवा, सकाळी पाणी प्या, डायबेटिस गायब. बाबांनो, असं होत नाही. चिकट तंतुमय पदार्थाने साखर रक्तात जरा हळू जाते एवढं खरं, पण 2011 मध्ये बांगलादेशात उंदरांवर झालेल्या प्रयोगात भेंडीच्या अर्काने मेटफॉर्मिन हे डायबेटिसचं औषधसुद्धा कमी शोषलं गेलं होतं, म्हणजे गोळी चालू असताना हे पाणी ढोसणं धोक्याचं ठरू शकतं. ओग्बोनोच्या बियांचंही तेच झालंय, 'आफ्रिकन मँगो' नावाने वजन उतरवायच्या गोळ्या म्हणून विकतात, पुरावा लहानसहान प्रयोगांचा, आणि मूळ बीमध्ये निम्म्याहून जास्त चरबी!

बरं, आता करायचं कसं. मटण किंवा बीफ कांदा-मीठ घालून आधी पूर्ण शिजवून घ्या, कारण भेंडी पडल्यावर वेळ मिळणार नाही. पाव किलो कोवळी भेंडी, निम्मी किसणीवर किसायची आणि निम्मी बारीक चिरायची, जितक्या पेशी फुटतील तितका रस. मटणाच्या पाण्यात दोन-तीन चमचे लाल पाम तेल (आपल्या दुकानातलं पामोलिन नव्हे, तिकडचं रिफाइन न केलेलं तेल कॅरोटीनमुळे लालभडक असतं), वाटलेली तिखट मिरची आणि सुक्या क्रेफिशची पूड. क्रेफिश नसेल तर जवळा भाजून कुटा, कोकणातल्या घरात असतोच. इरू म्हणजे आंबवलेल्या बिया मिळाल्या तर उत्तम, वास उग्र असतो कारण आंबताना अमोनिया सुटतो. टोमॅटो अजिबात नको, कारण वर आलंच. सगळ्यात शेवटी भेंडी, झाकण न ठेवता मंद आचेवर चार-पाच मिनिटं, बस.

सोबत एबा हवा, म्हणजे कसाव्याच्या (ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो) गारी नावाच्या भाजलेल्या भरड पिठाचा गोळा, पण रव्याचा घट्ट गोळाही चालतो, तिकडेही घरोघरी खातात आणि उकड करता येणाऱ्याला तो सहज जमेल. उजव्या हाताने छोटा गोळा तोडून अंगठ्याने खळगा करायचा, सूपात बुडवायचा आणि फार न चावता गिळायचा, तो घशातून सुळकन उतरतो तो त्या रसामुळेच. उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी गरम केलं की तार कमी भरते, तेव्हा दोन ताज्या भेंड्या किसून टाका आणि वाफ आली की गॅस बंद करा.